उतरा, बघा, मग घ्या

बूट दोन नंबरांनी मोठे निघाले. स्टोअरवाल्यानं दोन कपाटं पालथी घातली, तिसऱ्यात डोकं खुपसलं आणि शेवटी हात वर केले. "बाईमाणसाच्या मापाचे येतच नाहीत हो. आजवर कुणी मागितलेच नाहीत." आता बोला! तिनं डब्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं, टरकन फाडून दोन तुकडे केले, बुटांच्या टोकांत कोंबले आणि फटक फटक करत ट्रेनिंगच्या खोलीत शिरली. आत अकरा पुरुष बसले होते. अकराच्या अकरा माना वळल्या. बघा बाबांनो, पोटभर बघून घ्या, ती मनात म्हणाली, म्हणजे उद्यापासून कामाला लागता येईल.

बेचाळीस वर्षांची बाई. सहा वर्षं तिनं लाँड्रीचा छोटा टेम्पो चालवला होता, हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल पोचवायचा. जड वाहनाचं लायसन्स मागच्याच महिन्यात हातात पडलेलं. आता तीन आठवडे या कंपनीत शिकायचं, शेवटी यार्डात परीक्षा. पास झाली तर बारा चाकी ट्रक आणि पक्की नोकरी. नापास झाली तर घर. आणि घरात दुसरं कमावतं कुणी उरलं नव्हतं. लाँड्रीवाल्यानं तिनं नोटीस दिली त्याच दिवशी नवा माणूस टेम्पोवर बसवला; तो काय तिच्यासाठी जागा राखून ठेवणार होता?

तिचा नवरा याच कंपनीत बावीस वर्षं ड्रायव्हर होता. सगळे त्याला 'उस्ताद' म्हणायचे. मग साखर लागली मागे, आणि साखरेनं डावा डोळा हळूहळू खाल्ला. दीड वर्षापूर्वी एका दुपारी उस्ताद वेळेआधीच घरी आला, चपला काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून घरीच.

शिकवणारा मास्तर तिला चांगला ओळखत होता. कधीकाळी तो उस्तादच्याच ट्रकवर क्लीनर होता, त्याच्याच हाताखाली स्टेअरिंग धरायला शिकला. तिला बघताच तो खुर्चीतून उठला. "या वहिनी, बसा." झालं! मास्तर वहिनी म्हणाला म्हणून सगळी खोली वहिनी म्हणायला लागली. पंचविशीतला एक पोरगेला गडी होता, खोलीतही काळा गॉगल लावून बसणारा, त्याला सगळ्यांनी 'हिरो' नाव ठेवलं होतं, तोही म्हणाला, "वहिनी, खिडकीपाशी बसा, वारा लागेल." एका तासात अकरा दीर. लग्नात एक मिळाला नव्हता.

पहिले चार दिवस ट्रकला हातच लावू दिला नाही. नुसते कागद, दिव्यांच्या खुणा, आग लागली तर काय, झोप आली तर काय. केबिनमधून उतरायचं कसं, हासुद्धा एक धडा! तोंड ट्रककडे, दोन हात आणि एक पाय धरलेला, मगच दुसरा पाय सोडायचा. उडी मारायची नाही. हिरोनं पहिल्याच फेरीत ऐटीत उडी मारली आणि गॉगल चाकाखाली गेला. त्याच्यासकट सगळे हसले.

पाचव्या दिवशी मास्तरनं टेबलाच्या खणातून एक बूट काढला आणि सगळ्यांसमोर ठेवला. डाव्या पायाचा बूट, कंपनीचाच, पण भाकरीसारखा चपटा झालेला.

"एक ड्रायव्हर होता," मास्तर म्हणाला. "नाव सांगत नाही. वीस वर्षांच्या वर अनुभव, एक ओरखडा नाही गाडीला. याच यार्डात मागे घेत होता. आरशात बघितलं, कुणी नाही. घेतला ट्रक. डाव्या बाजूला मागच्या चाकापाशी एक हमाल वाकून लाकडी पाचर उचलत होता. आरशात दिसतच नाही ती जागा. हा त्याचा बूट." मास्तर बोलताना टेबलाकडे बघत होता. "म्हणून आपल्या कंपनीत एकच मंत्र. उतरा, बघा, मग घ्या. मागे घ्यायच्या आधी खाली उतरायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मध्ये पाच मिनिटं थांबलात तर परत उतरायचं. कुणी हसलं तर हसू द्यायचं."

तिच्या काळजात चर्र झालं. त्या हमालाचं वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, त्या ड्रायव्हरचंही वाटलं. बिचारा घरी जाऊन जेवला असेल का त्या दिवशी, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी घरी आल्यावर खरी शाळा भरायची. उस्ताद पलंगावर ताट उपडं घालायचा. ताट म्हणजे यार्ड, काड्यापेटी म्हणजे ट्रक आणि सासूबाईंची औषधाची डबी म्हणजे डॉक, माल चढवायचा-उतरवायचा ओटा. काड्यापेटी मागे सरकवत तो सांगायचा, "स्टेअरिंग उलटं, शेपूट सुलटी. आता सोड. आता धर. घाई नको." शिकवताना त्याचा चेहरा उजळायचा. दीड वर्ष हा माणूस धड कुणाशी बोलला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे, एवढंही म्हणायचा नाही. आता बायको कामावरून कधी येते म्हणून दारात उभा राहायचा. सासूबाई कोपऱ्यातून ओरडायच्या, "माझ्या गोळ्यांवर ट्रक घालू नकोस रे बाबा, रात्रीची एकच उरलीय!"

त्या दिवशी तिनं बुटाची गोष्ट सांगितली. काड्यापेटी उस्तादच्या हातात तशीच राहिली.

"वर्गातल्या गोष्टी असतात गं," तो म्हणाला. "नव्या लोकांना घाबरवायला सांगतात. ड्रायव्हर आरशातच बघतो. बावीस वर्षं मी कधी उतरलो नाही. आणि तू तर मुळीच उतरू नकोस. अकरा बाप्ये बघतायत. एकदा उतरलीस की म्हणतील, बघा, बाईला अंदाज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिला ते पटलं. का पटणार नाही? त्याच्यासारखा हात सगळ्या कंपनीत कुणाचा नव्हता, हे मास्तरही मान्य करायचा. आणि झाकली मूठ हा तर त्यांच्या घराचाच रिवाज होता. ती मूठ झाकायला एकदा तिनंही हात लावला होता, ते ती विसरली नव्हती. कंपनीत दर वर्षी डोळे तपासायचे. डावा डोळा अंधूक व्हायला लागला तेव्हा उस्तादनं तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता कागदावर उतरवून आणला होता, आणि इथंच, या पलंगावर बसून तिनं त्याच्याकडून तो घोकून घेतला होता. खालून दुसरी ओळ? म्हणा. खालून तिसरी? परत म्हणा, अडखळलात तर कळेल त्यांना. शाळेतल्या पोराकडून पाढे घ्यावेत तसे. त्या वर्षी तो पास झाला. पुढच्या वर्षी घरी बसला तेव्हा एवढंच म्हणाला, "तक्ता बदलला त्यांनी." तिनं जास्त विचारलं नाही. पुरुषाची लाज, उगाच कशाला उकरायची?

दुसऱ्या आठवड्यात ट्रक हातात आला आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आले. सकाळी लोखंडी गजानं एकेक टायर ठोकून आवाज ऐकायचा; भरलेला टायर खणखणतो, बसका टायर खोकतो. हवेच्या टाकीतलं पाणी सोडायचं. आरसे पुसायचे, आपल्या उंचीला लावायचे. मग गिअर. पहिले दोन दिवस यार्डात क्लच जळल्याचा असा काही वास सुटला की कार्यालयातल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. हिरो चढावर तीनदा बंद पडला आणि म्हणाला, गाडीच खराब आहे. "नाचता येईना, अंगण वाकडं," मास्तर म्हणाला आणि त्याला चौथ्यांदा चढावर धाडलं.

ती मात्र चांगली चालवत होती. हात हलका, कान तिखट. मागे घेताना तर लोक काम सोडून बघायला थांबायचे. मास्तर म्हणायचा, "वहिनी, उतरा." ती एक पाय पायरीवर टेकवून, मान लांब करून मागे बघितल्यासारखं करायची आणि परत बसायची. मास्तर वहीत काहीतरी लिहायचा.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षा आली. कंपनीचा साहेब हातात घड्याळ घेऊन उभा राहिला. ट्रकची तपासणी, चढावर थांबून सुटणं, दोन्हीत ती पहिली. उरलं फक्त मागे घेणं. दोन भिंतींमधली अरुंद जागा, आत जाताना एक वळण, शेवटी डॉक. तिनं एकदा उजव्या आरशात बघितलं, एकदा डाव्या, नवऱ्याचा आवाज कानात आणला आणि ट्रक घेतला. काय घेतला म्हणून सांगू! एकाच झटक्यात, सरळ, डॉकच्या रबराला मागची फळी अलगद टेकली. सहा मिनिटं. हिरोनं शिट्टी वाजवली. साहेबसुद्धा मान डोलवत म्हणाला, "वा!"

"वहिनी," मास्तर म्हणाला, "आता उतरा."

ती उतरली. मास्तर तिला डाव्या बाजूनं मागे घेऊन गेला. मागच्या चाकाच्या अलीकडे जमिनीवर तो बूट पडला होता. वरून चाक गेल्याचा ताजा ठसा त्याच्यावर होता.

"मीच ठेवला होता," मास्तर म्हणाला. "तुम्ही बसल्यावर." त्याचा आवाज कडक नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "आरशात दिसला नाही ना? दिसतच नाही. नापास, वहिनी. एक संधी अजून मिळते. परवा."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा जणांत एकही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं.

घरी जाताना गेटवर सही करायची असते. गेटवाला चाळिशीचा माणूस, गप्प गप्प असायचा, डावा पाय ओढत चालायचा. तिनं तीन आठवडे रोज त्याच्यासमोर सही केली होती, 'दादा, येते' म्हटलं होतं, आणि त्यानं रोज मान हलवली होती. आज मास्तरनं तिच्या आधीच बूट त्याच्याकडे परत पाठवला होता. गेटवाला स्टुलावर बसून फडक्यानं तो पुसत होता.

"तुमच्याकडे ठेवतात होय हा?" तिनं विचारलं.

"माझाच आहे," तो म्हणाला.

तिनं त्याच्या पायाकडे बघितलं, बुटाकडे बघितलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे या माणसाला लंगडताना बघत होती आणि एकदाही तिच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. "दादा, मी आज परत एकदा त्याच्यावरून..." तिनं मनगटानं डोळे पुसले.

"रिकामा होता वहिनी, आज रिकामा होता. रडू नका."

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष." तो म्हणाला आणि चटकन थांबला, जीभ चावल्यासारखा. मग बूट पुसायला लागला, पुसून झालेली जागाच पुन्हा पुसायला लागला.

दीड वर्ष. वीस वर्षांच्या वर अनुभव, एक ओरखडा नाही. मास्तर त्या दिवशी टेबलाकडे का बघत होता, ते तिला आत्ता कळलं. तिला माहीत असेल असंच सगळे धरून चालले होते. नाव न घेऊन बिचारे तिची अब्रू राखत होते.

"कोण होता ड्रायव्हर, दादा?" तिनं तरी विचारलंच.

गेटवाल्यानं वर बघितलं नाही. "वहिनी, घरी जा. सांभाळून जा."

घरी उस्ताद दारातच होता. "काय झालं? कितीत घेतलास?" तो उतावीळपणे म्हणाला. डाव्या बाजूनं ती आत गेली तर त्याला दिसली नाही; त्यानं सगळी मान वळवली.

तिनं डबा ठेवला. हात धुतले. मग पलंगावर बसली आणि म्हणाली, "तक्ता बदलला होता ना हो?"

उस्ताद दाराची कडी लावायला वळला.

"मी काय विचारते? तपासणीत तक्ता बदलला होता, म्हणून तुम्हाला काढलं. असंच ना?"

"तक्ता तोच आहे," उस्ताद म्हणाला. भिंतीशी पाठ लावून तो हळूहळू खाली बसला. "तपासणी झालीच नाही त्या वर्षी."

कोपऱ्यातून सासूबाईंनी जपाची कुजबूज थांबवली. 

"डावा आरसा दिसेनासाच झाला होता गं," तो म्हणाला. "नुसता पांढरा डाग. उतरून बघायला हवं होतं, मला कळत होतं. पण बावीस वर्षं जो कधी उतरला नाही तो आज का उतरतोय, असं एकानं जरी विचारलं असतं ना, तर सगळं बाहेर आलं असतं. डोळा, तक्ता, तुझं घोकून घेणं, सगळं. म्हणून नाही उतरलो. मग तो ओरडला." उस्तादनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "अजून ओरडतो. भिंतीकडे तोंड केलं तरी ऐकू येतो."

तिला त्याची दया आली, आणि त्याहून मोठा राग आला. "आणि मला? मला काय शिकवलंत? उतरू नकोस! माहीत असून? उद्या माझ्या चाकाखाली कुणी आला असता म्हणजे?"

"उतर म्हणून शिकवलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस," उस्ताद म्हणाला. "मग काय सांगणार होतो मी?"

घ्या! एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि तिसरं जाऊन बायकोच्या चाकाखाली. ती ओरडणार होती, पण ओरडायला तोंड तरी कुठं होतं? खालून दुसरी ओळ, परत म्हणा, असं याच पलंगावर बसून कोण म्हणालं होतं? त्या बुटात तिचाही हात होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती बराच वेळ रडली. तोही रडला. सासूबाई उठल्या, दोघांसमोर पाण्याचे पेले ठेवले आणि म्हणाल्या, "दीड वर्ष मला वाटत होतं, पोरगा डोळ्यासाठी झुरतोय. अरे, त्या माणसाला भेटलास का तू एकदा तरी?"

उस्तादनं मान हलवली. नाही.

"परवा माझी परीक्षा आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही यायचं. गेटपर्यंत तरी."

"मला नाही जमणार ते," उस्ताद म्हणाला.

परवाच्या दिवशी ती एकटीच निघाली. निघताना त्यानं पलंगावर ताटही मांडलं नाही की दारातही आला नाही. बुटातली फडकी तिनं नीट दाबून बसवली.  आज गेलं तर सगळं गेलं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

साहेब घड्याळ घेऊन उभा होताच. तिनं ट्रक वळणाच्या तोंडाशी आणला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि उतरली. तोंड ट्रककडे, दोन हात, एक पाय. डाव्या बाजूनं मागेपर्यंत चालत गेली, वाकली, चाकांच्या मध्ये बघितलं. काही नव्हतं. उजव्या बाजूनं परत आली, चढली. अर्ध्या वळणावर डावा आरसा भिंतीनं भरला. ती परत थांबली, परत उतरली. मोठे बूट फटक फटक वाजत होते आणि सगळं यार्ड ते ऐकत होतं. परत वाकली, परत बघितलं. काही नाही. कुणीतरी मागे खुसखुसलं. तिचे कान तापले. बावीस वर्षांच्या ड्रायव्हरला याच आवाजाची भीती वाटली होती, हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं की नवऱ्यावरचा राग निम्मा उतरला. डॉकच्या हातभर अलीकडे ती तिसऱ्यांदा उतरली. काही नव्हतं. मग चढली आणि ट्रक रबराला टेकवला.

"सोळा मिनिटं," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाला. "परवा सहा लागली होती. बाई, आपल्याकडे दिवसाला चाळीस गाड्या लागतात डॉकला. सोळा मिनिटं म्हणजे फार झाली. मास्तर, काय लिहायचं?"

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, बोलू का?"

गेटवाला होता. पाय ओढत, भिंतीचा आधार घेत तो यार्डाच्या मधोमध आला होता. कपाळावर घाम होता.

"गेटपासून इथपर्यंत यायला मला आधी दोन मिनिटं लागायची," तो म्हणाला. "आता दहा लागतात. रोज. जाताना दहा, येताना दहा." मोठ्यानं नाही बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "त्यांना तीनदा उतरू द्या, साहेब."

साहेबानं घड्याळ खिशात घातलं. त्याच्यावर तरी कशाला रागवायचं, त्यालाही वर कुणीतरी घड्याळ दाखवत असणार. "लिहा," तो मास्तरला म्हणाला, "पास." आणि थोडं थांबून, "बुटाचं माप काय तुमचं? मागवून घेऊ."

हिरोनं परत शिट्टी वाजवली. मास्तर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आज बूट ठेवलाच नव्हता वहिनी."

"तीनदा बघितलं. काहीच नव्हतं," ती म्हणाली.

"बहुतेक दिवस काहीच नसतं," मास्तर म्हणाला.

तिला हसू की रडू, काही कळेना. गेटवाला तिथंच उभा होता, श्वास घेत. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हा एवढा चालत आला तो साहेबाशी बोलायला नव्हे. त्याला काय माहीत साहेब काय बोलणार ते? "दादा, तुम्ही का आलात?"

"तुम्हाला बोलवायला," तो म्हणाला. "गेटवर उस्ताद आलेत. तासभर झाला. आत या म्हटलं तर येत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत."

गेटपर्यंत जायला दोघांना दहा मिनिटं लागली. ती त्याच्या पावलानं चालली. गेटच्या आडव्या दांड्यापलीकडे उस्ताद उभा होता, धुतलेला सदरा घालून, हात मागे बांधून, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा. तिला बघताच म्हणाला, "उतरलीस?"

"तीनदा."

"लोक हसले?"

"हसले की."

उस्तादनं मान खाली घातली. गेटवाल्यानं दांडा वर केला, आपल्या चौकीतलं बाकडं बाहेर ओढलं आणि म्हणाला, "बसा उस्ताद. उभं राहिलं की माझा पाय भरून येतो, मलाही बसायचंय."

उस्ताद आत आला आणि बाकड्यावर बसला. गेटवाला त्याच्या डाव्या हाताला बसला. उस्ताद समोरच बघत राहिला.  तिला वाटलं सांगावं, दादा, त्या बाजूचं त्यांना दिसत नाही हो. पण तिला सांगावं लागलं नाही. गेटवाला क्षणभर थांबला, मग गुडघ्यावर हात देऊन उठला, पाय ओढत बाकड्याला पूर्ण वळसा घातला आणि उजव्या बाजूला येऊन बसला.

आता तो उस्तादला दिसला. दीड वर्षात पहिल्यांदा दिसला.

"पाय कसा आहे रे?" उस्तादनं विचारलं.

"दुखतो, उस्ताद," गेटवाला म्हणाला. "थंडीत जास्त दुखतो."

"सांग," उस्ताद म्हणाला. "सगळं सांग मला."

ती तिथून बाजूला झाली. आत यार्डात मास्तर तिच्या नावानं हाका मारत होता. डॉकवरचा ट्रक काढून दुपारचा लावायचा होता. तिनं बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि निघाली.